काठी धरली म्हणून वारी सुटत नाही

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी दुपारी मांडवात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून घेतलं आहे.)





शंभर वर्षं झाली आपल्या दिंडीला. कमिटीची पोरं काल घरी आली नि म्हणाली, बुवा, उद्या अर्धा तास बोला. कीर्तन नको, दिंडीची एखादी आठवण सांगा. आता आठवणी सांगणारी माझ्यापेक्षा मोठी माणसं इथं बसलेली आहेत. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. नारदाच्या गादीवर उभं राहून जे बोलतो ते संतांचं असतं, माझं त्यात काही नसतं. आज मात्र माझं सांगायचं आहे. माझ्या पायाचं, आणि ह्या दोन काठ्यांचं.

मघाशी ह्या दोन काठ्या टेकत मी मांडवात आलो, तेव्हा पुढं बसलेली दोन पोरं हसली. मी बघितलं. हसू द्या. मीसुद्धा त्या वयात हसलो असतो.

चार वर्षांमागं, श्रावणात, मी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होतो. पावसानं बांध निसरडा झालेला. आयुष्यभर त्याच बांधावरून गेलेला माणूस मी, डोळे झाकून चाललो असतो. पण पाय सटकला, भारा एकीकडं आणि मी एकीकडं. उठायला गेलो तर डावा पाय माझा नव्हताच. खुब्याचं हाड मोडलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. मी बासष्ट वर्षांचा होतो.

पहिल्यांदा वॉकर दिला. चार पायांची ती लोखंडी चौकट पुढं ढकलायची, मग पाऊल टाकायचं. दोन-अडीच महिन्यांनी फोटो काढून डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता वॉकर सोडा आणि काठी धरा. हाड जुळलं, माउली, पण मन जुळलं नव्हतं. वॉकर सोडला की पोटात गोळा यायचा. नजर जमिनीवर, पाऊल एवढंसं, एक हात भिंतीला. उंबरा ओलांडायला घाम फुटायचा. पंचवीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चाललेला माणूस मी. पुण्याहून सासवडचा सगळ्यात लांबचा टप्पा, दिवे घाट चढून, गळ्यात वीणा घेऊन जाणारा. तो परसाकडं जायला नातीचा खांदा धरायला लागला. पुढच्या आषाढीला दिंडी गावातून निघाली तेव्हा मी ओट्यावर बसून होतो. पताका वळणाआड गेल्या नि मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजलो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काठी का धरली नाही म्हणाल, तर लाज. ती लाज आमच्या घरात जुनी आहे.

आमचे थोरले बंधू, आम्ही दादा म्हणायचो, तुम्ही सगळ्यांनी त्यांना बघितलंय. ह्याच दिंडीत त्यांनी पखवाज वाजवला. पंचाहत्तरीत त्यांचा तोल जायला लागला. एकदा गोठ्यात पडले, मुका मार लागला, वाचले. पुतण्यानं पंढरपूरहून चांगली काठी आणली. दादा म्हणाले, मी काय म्हातारा झालोय? ती काठी दाराच्या मागं उभी केली ती केलीच. चार महिन्यांनी दादा पहाटे पाण्याच्या हंड्यापाशी दुसऱ्यांदा पडले. त्यातून ते उठले नाहीत. दहाव्याच्या दिवशी घर आवरताना मी दार ओढलं तर काठी मागंच होती. दुकानदारानं लावलेली चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली.

दादांची काठी दाराआड राहिली हे डोळ्यानं बघितलेला मी, स्वतःची पाळी आली तर तसाच वागलो. माणूस दुसऱ्याच्या मरणातनं लवकर शिकत नाही.

मग झालं असं, की सुनबाईनं मला ओढत दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडं नेलं. वयानं माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी पोर. तिनं मला चालून दाखवायला सांगितलं. मी भिंत धरून चाललो. ती म्हणाली, "बाबा, पाय तुमचा बरा आहे. पडायची भीती बरी झालेली नाही. माणूस भितो म्हणून कमी चालतो, कमी चालतो म्हणून पायातली ताकद जाते, आणि ताकद गेली की खरंच पडतो." मी गप्प बसलो. दादांचं तिला काही माहीत नव्हतं, पण बोलली ती दादांचंच.

मग तिनं कोपऱ्यातनं दोन काठ्या काढल्या. मी म्हणालो, "ताई, एक घ्यायची लाज वाटते, तुम्ही दोन देता?" ती हसली. म्हणाली, फिनलंड म्हणून बर्फाचा देश आहे. तिथली माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून, दोन हातात दोन काठ्या घेऊन बर्फावरून जातात. उन्हाळ्यात बर्फ वितळतो. तेव्हा त्यांचे खेळाडू सराव मोडू नये म्हणून नुसत्या काठ्या घेऊन रानातनं चालायचे. पुढं १९९०च्या दशकात साधी माणसंही तशी चालायला लागली आणि ती चाल देशोदेशी गेली. तिला नॉर्डिक वॉकिंग म्हणतात. आता आजारातून उठलेल्यांना, तोल जाणाऱ्यांना ती हळूहळू शिकवतात. मला बरं वाटलं. म्हणजे ह्या काठ्या म्हाताऱ्यांच्या नव्हेत, पैलवानांच्या आहेत!

दोन का, एक का नाही, हे मला शेतकऱ्याच्या डोक्यानं कळलं ते सांगतो.

चालताना माणूस दर पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो. तिथंच तोल जातो. दोन काठ्या असल्या की त्या क्षणाला जमिनीला एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी टेकण मिळतं. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, तसं. एकाच काठीवर माणूस भार टाकतो आणि एका अंगावर कलतो, पाठ वाकते. दोन असल्या की दोन्ही खांदे सारखे राहतात, छाती उघडते, नजर जमिनीवरून उठून समोर जाते. हात, खांदे, पाठ सगळ्याला काम मिळतं, त्यामुळं तेवढ्याच वाटेत व्यायाम जास्त होतो.

आंब्याचं नवं कलम लावलं की आपण दोन्ही बाजूंनी दोन काठ्या रोवतो आणि सुतळीनं सैल बांधतो. कलम कमजोर म्हणून का? नाही. वाऱ्यानं ते हलत राहिलं तर मूळ धरत नाही म्हणून. मुळं धरली की काठ्या काढतो. काही वेलांना मात्र कायमचा मांडव लागतो. कारल्याला मांडव घातला म्हणून कारलं लाजतं का? ज्याचं कलम त्याची काठी सुटेल, ज्याचा वेल त्याची राहील. दोन्हीला फळ येतं.

आता कसं चालायचं, ते नीट ऐका. घरात कुणी आजारातून उठलेलं असेल त्याच्या उपयोगी पडेल. पण आधी डॉक्टरांना विचारायचं. हाड किती जुळलंय, पायावर किती भार टाकायचा, छातीचा आजार आहे का, हे त्यांनीच सांगायचं. मी कीर्तनकार आहे, वैद्य नाही.

पहिली गोष्ट काठीची उंची. वहाण घालून सरळ उभं राहायचं, काठीची मूठ धरायची. कोपर साधारण काटकोनात आलं पाहिजे. माझी उंची साडेपाच फूट, माझ्या काठ्या पावणेचार फुटांच्या आसपास भरतात. एकच टेकायची साधी काठी असेल तर तिचं माप वेगळं: हात खाली सोडला की मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आणि एक काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. डावा पाय दुखरा, काठी उजव्या हातात. अर्धं गाव हे चुकीचं करतं, मीही केलं होतं.

मी आधी घरीच दोन काठ्या केल्या. एक लिंबाची, एक बैल हाकायची. ताईंनी बघितल्या नि कपाळाला हात लावला. एक हातभर लांब, दुसरी आखूड! मग चांगला सरळ वेळू आणला, पेरं तासली, दोन्ही सारख्या कापल्या, खाली औषधांच्या दुकानात मिळतात ती रबरी टोपणं बसवली. रबर झिजलं की बदलायचं, ते टाळायचं नाही. गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर दगा देतं. पुढं मुलानं लांबी कमी-जास्त होणाऱ्या विकतच्या काठ्या आणल्या, त्याच ह्या. पण वर्षभर मी वेळूवरच चाललो.

आता पाऊल. अगदी पहिल्यांदा, भीती असेल तेव्हा, दोन्ही काठ्या आधी जरा पुढं टेकायच्या, मग दुखरा पाय, मग चांगला. काठ्या, दुखरा, चांगला. हे जमलं की मग उजवी काठी नि डावा पाय बरोबर, डावी काठी नि उजवा पाय बरोबर. आपण हात हलवत चालतो तेव्हा हेच करतो, फक्त विचार करायला लागलं की विसरतो. मी तीन दिवस गोंधळलो. नात म्हणाली, "आजोबा, बघू नका, नुसतं चाला." आणि जमलं. पाय पक्का झाला की काठीचं टोक जरा मागं तिरकं टेकायचं आणि मागं रेटायचं, म्हणजे काठी आपल्याला पुढं ढकलते. चढ चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठ्या आधी, मग दुखरा पाय. आणि मुठीला दोरी असते ती मनगटाला गुंडाळायची नाही. पडलो तर काठी हातातनं सुटली पाहिजे, नाहीतर मनगट मोडतं.

किती चालायचं? पहिल्या आठवड्यात मी ओट्यापासून तुळशीपर्यंत, पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. मग मारुतीच्या देवळापर्यंत. मग पारापर्यंत. तीन महिन्यांनी ओढ्यापर्यंत जाऊन अर्ध्या तासात परत. वारीत जसा विसावा असतो तसा इथंही पाहिजे. वारी एका दमात कुणी चालत नाही, पालखीसुद्धा विसाव्याला थांबते. चाल बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? तोंडानं नाम घेता आलं पाहिजे. नामाला दम पुरत नसेल तर चाल जास्त झाली. वरच्या पट्टीत अभंग म्हणता येत असेल तर थोडी वाढवायला हरकत नाही. ताईंनी मला हेच सांगितलं होतं, फक्त तिनं "बोलता आलं पाहिजे" असं म्हटलं, मी त्याचं नाम केलं. आणि छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, धाप लागली, तर तिथंच थांबायचं, बसायचं, माणूस बोलवायचा. तिथं हट्ट नको.

एक गंमत सांगतो. ताईंनी तोल सुधारायला एक व्यायाम दिला. खांब धरून उभं राहायचं, भार एका पायावर घ्यायचा, दुसरा पाय पुढं टेकायचा, मागं घ्यायचा, मग भार बदलायचा. मी दोनदा केलं नि म्हणालो, "ताई, ही तर आमची पावली!" तिला माहीत नव्हती. मी खांब धरून तिला पावली दाखवली, तोंडानं ज्ञानबा-तुकाराम म्हणत. बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंट उठून बघायला आले. माउली, आपल्या वाडवडिलांनी टाळाच्या ठेक्यावर पायाचा तोल शंभर वर्षं सांभाळला, आपल्याला वाटलं आपण नुसते नाचतोय.

आता खरं दुखणं सांगतो. दोन काठ्या म्हणजे दोन्ही हात गुंतले. वीणा गेली. टाळसुद्धा धरता येत नाही. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालताना जीव तुटला, ते इथल्या विणेकऱ्यांना विचारा. पण काठ्यांचा एक ठेका असतो. टक, टक. त्या ठेक्यावर नाम बसतं. हात टाळाला नाहीत, पण ताल सुटला नाही.

पडल्यानंतरच्या दुसऱ्या आषाढीला मी मोटारीनं वाखरीपर्यंत गेलो आणि दशमीला वाखरी ते पंढरपूर चाललो. वारीतला शेवटचा, लहान टप्पा. दिंडीच्या मागं, रस्त्याच्या कडेनं, काठ्यांची टोकं अंगाजवळ ठेवून, म्हणजे कुणाच्या पायात येऊ नयेत. मुलगा बरोबर. तीनदा बसलो. नामदेव पायरीपाशी पोचलो तेव्हा कळस बघितला आणि काठ्या खाली ठेवून हात जोडले. क्षणभर कशालाही न धरता उभा होतो, हे मला नंतर मुलानं सांगितलं. वाळवंटात मात्र त्या गर्दीत काठ्या घेऊन शिरलो नाही. तुम्हीही शिरू नका. नदीचा काठ ओला असतो, धक्का लागतो, तिथं काठी कामाची नाही, माणसाचा हात कामाचा.

गेली दोन वर्षं मी एक टप्पा चालतो, एक टप्पा गाडीत बसतो. पूर्ण वारी होत नाही. पाय थंडीत अजून ठणकतो. पण दोन तास कीर्तनाला उभा राहतो, हे तुम्ही परवा बघितलंत.

आता पदर पसरून मागायचं ते मागतो. आपल्या तळावर, आपल्याच माणसांनी, मला "चार पायांचे बुवा" म्हटलं. चेष्टेनं म्हटलं, मला राग नाही. पण ती चेष्टा ऐकून कुणीतरी एक म्हातारं घरी काठी दाराआड ठेवत असेल. त्याचा विचार करा. काठीला हसायचं काही कारण नाही. आपली पताका कशावर चढते? काठीवर. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदार काय उंचावतात? काठी. ती वर गेली की लाखोंचा मेळा एका क्षणात गप्प होतो. जिच्यापुढं सगळी वारी थांबते, तिची लाज वारकऱ्याला?

म्हणून एकशे एकाव्या वर्षासाठी माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. दिंडीच्या ट्रकमध्ये तंबू, भांडी, शिधा असतो, तशा दहा जोड्या काठ्या असाव्यात, रबरी टोपणं घातलेल्या. वेळूच्या मी माझ्या हातानं करून देतो, शब्द आहे माझा. आणि आजारातून उठलेल्याला, तोल जाणाऱ्याला, रोज एक लहान टप्पा दिंडीच्या मागं चालू द्यावं, एक तरणा गडी बरोबर द्यावा. "तुम्ही ट्रकमध्ये बसा" असं प्रेमानंसुद्धा म्हणू नये. बसायचं तेव्हा तो बसेल. त्याला आधी विचारा, चालणार का?

आणि आज घरी गेल्यावर एवढं करा. दाराच्या मागं बघा. कुणाची काठी उभी असेल तर धूळ पुसा, रबर बघा, आणि ज्याची आहे त्याच्या हातात द्या. तेवढ्यावर थांबू नका, त्याच्याबरोबर तुळशीपर्यंत चाला. आमच्या दादांबरोबर मी चाललो नाही.

रामकृष्णहरी.